हरवलेल्या क्षणांमागचे संप्रेरकांचे कोडे

वर्गात शिक्षिका श्रुतलेखन घालत असतात. सात-आठ वर्षांची एक मुलगी लिहिता लिहिता मध्येच थांबते. नजर समोर खिळलेली, पापण्यांची किंचित फडफड, हाक मारली तरी उत्तर नाही. दहा-बारा सेकंदांत ती पुन्हा लिहू लागते. मधले दोन-तीन शब्द मात्र वहीत उतरलेलेच नसतात. ‘लक्ष कुठे आहे?’ असे तिला खडसावले जाते आणि प्रगतिपुस्तकात ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा पडतो. आपले काय चुकले, हे त्या मुलीला उमगत नाही. कारण तिच्या लेखी ते क्षण घडलेलेच नसतात.

अपस्मार म्हटले की हातापायांना येणारे झटके, तोंडाला आलेला फेस आणि भोवती जमलेल्यांची कांदा हुंगवण्याची धावपळ एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु ‘अ‍ॅब्सेन्स एपिलेप्सी’ या प्रकारात यातले काहीच घडत नाही. काही सेकंदांपुरती जाणीव लोप पावते आणि लगेच परतते. हा विकार बहुधा वयाच्या चौथ्या ते दहाव्या वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक आढळतो. उपचार झाले नाहीत तर असे झटके दिवसातून अनेक डझन वेळा येऊ शकतात.

या झटक्याची ओळख पटवणारी खूण मेंदूच्या विद्युत आलेखात, म्हणजे ईईजीमध्ये दिसते. अमेरिकेत बोस्टन येथे गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी १९३५ साली ती प्रथम नोंदवली. एक अणकुचीदार टोक आणि त्यामागोमाग एक संथ लाट, अशी जोडी सेकंदाला साधारण तीन वेळा या गतीने आलेखावर उमटते. हा ताल एकाच वेळी मेंदूच्या दोन्ही बाजूंवर पसरतो आणि थांबतोही तसाच अचानक. पण तो उठतो का आणि केव्हा वाढतो, हे मुलांच्या मेंदूत शिरून पाहता येत नाही. त्यासाठी संशोधकांना प्राण्यांकडे वळावे लागले.

नेदरलँड्समधील नायमेगेन येथील विद्यापीठात (आजचे रॅडबाउड विद्यापीठ) जिल व्हान लाउटेलार आणि टॉन कूनेन हे शास्त्रज्ञ ‘वॅग-राय’ या वंशाच्या पांढऱ्या उंदरांचा अभ्यास करीत होते. या उंदरांच्या ईईजीत अपस्मारासारखा ताल आपोआप उमटतो, हे त्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. उंदरांमधील हा ताल माणसापेक्षा जलद, सेकंदाला सात ते अकरा आवर्तनांचा असतो. मात्र त्या वेळी उंदीर निश्चल होतो, त्याच्या मिशा थरथरतात आणि माणसातील अ‍ॅब्सेन्स झटके थांबवणारी औषधे त्यालाही लागू पडतात. व्हान लाउटेलार यांनी पुढील काही दशके या उंदरांच्या अभ्यासाला वाहिली. त्यांच्याच गटातील हॅनेके मेरेन यांनी २००२ मध्ये दाखवले, की या झटक्याचा उगम मेंदूच्या बाह्यपटलातील तोंडाभोवतीच्या संवेदना टिपणाऱ्या भागात होतो. पहिला अर्धा सेकंद हा भाग पुढाकार घेतो. त्यानंतर मेंदूच्या आतील थॅलॅमस हे केंद्र आणि बाह्यपटल परस्परांना ताल देत राहतात.

संप्रेरकांचा प्रश्न येथेच पुढे आला. अपस्माराच्या अनेक रुग्ण स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या सुमारास झटके वाढतात, हे डॉक्टरांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी घसरते, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे द्रव्य तयार होते आणि ते ‘गाबा’ या शामक रसायनाचे काम अधिक जोरकस करते. म्हणजेच प्रोजेस्टेरॉन हा मेंदूचा एक प्रकारचा ब्रेक ठरतो. ब्रेक सैल पडला की झटके वाढायचे, हा हिशेब सरळ होता.

वॅग-राय उंदरांनी हा हिशेब उलटा करून दाखवला. या माद्यांचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे असते. नायमेगेन आणि पोलंडमधील क्राकूव्ह येथील संशोधकांनी सलग अनेक दिवस त्यांचा ईईजी नोंदवला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, चक्राच्या ज्या टप्प्यात प्रोजेस्टेरॉन वाढते त्याच टप्प्यात झटकेही वाढलेले दिसले. प्रोजेस्टेरॉन टोचल्यावरही तेच घडले. त्याआधी १९९९ मध्ये अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन थेट दिल्यावरही झटके वाढल्याचे आढळले होते. पुढे २००३ मध्ये याच गटाने आणखी एक पडताळणी केली. प्रोजेस्टेरॉनचे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनमध्ये होणारे रूपांतर रोखणारे फिनॅस्टेराइड हे औषध दिल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे होणारी झटक्यांची वाढ थांबली. दोष मूळ संप्रेरकाचा नसून त्यापासून मेंदूत बनणाऱ्या द्रव्याचा आहे, असा याचा अर्थ होता.

मेंदूला शांत करणारे द्रव्यच झटका कसे वाढवते? उत्तर थॅलॅमसच्या पेशींच्या रचनेत आहे. या पेशींमध्ये कॅल्शियमची विशिष्ट दारे असतात. पेशी काही काळ दबलेली राहिली, तरच ती उघडण्यास सज्ज होतात. दाब ओसरताच दारे उघडतात आणि पेशी एकदम जोरदार स्पंदने सोडते. झोका जितका मागे ओढावा तितका तो जोराने पुढे जातो, तसेच हे आहे. शामक द्रव्याने दाब वाढवला की प्रतिक्रियाही तीव्र होते, असंख्य पेशी एकाच तालात झोके घेऊ लागतात आणि त्या तालात जाणीव हरवते.

ताणाच्या संप्रेरकांबाबतही या उंदरांनी असेच अनपेक्षित उत्तर दिले. एलेना तोल्माचेव्हा, व्हान लाउटेलार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना तीन दिवस ठरावीक वेळी पायांना विजेचे झटके दिले. त्यानंतर अपस्माराचा ताल आधी दबला आणि मग वाढला. तिसऱ्या दिवशी मात्र विजेचा झटका देण्यापूर्वीच्या तासातच तो वाढलेला होता. येऊ घातलेल्या त्रासाची धास्तीच त्याला पुरेशी ठरली असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

उंदरांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे मुलांना लावता येत नाहीत, हे खरे. हा विकार पौगंडावस्थेच्या बराच आधी सुरू होत असल्याने ऋतुचक्रातील संप्रेरके त्याचे मूळ कारण ठरू शकत नाहीत. ती फार तर झटके कमी-अधिक करतात. तरीही या संशोधनाचा एक धडा थेट दवाखान्यापर्यंत पोहोचतो. ‘फिट येते’ एवढ्यावर औषध ठरत नाही. कोणत्या प्रकारची फिट, हे आधी कळावे लागते. गाबाचे काम वाढवणारी व्हिगाबॅट्रिन, टायगाबिन ही औषधे, तसेच इतर काही प्रकारच्या अपस्मारात उपयोगी पडणारे कार्बामाझेपिन अ‍ॅब्सेन्स झटके वाढवू शकते. उलट, थॅलॅमसमधील कॅल्शियमची ती दारे रोखणारे एथोसक्सिमाइड हे जुने औषध येथे प्रभावी ठरते. अमेरिकेत ४५३ मुलांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट सारखेच परिणामकारक ठरले. परंतु एकाग्रतेवर होणारा दुष्परिणाम एथोसक्सिमाइड घेणाऱ्यांत कमी दिसला. मुलींच्या बाबतीत ही निवड अधिकच महत्त्वाची आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतल्यास गर्भातील बाळाला गंभीर अपाय होऊ शकतो, म्हणून युरोपातील नियामकांनी २०१८ मध्ये त्यावर कडक निर्बंध घातले.

निदान मात्र त्या मानाने सोपे आहे. डॉक्टर मुलाला दोन-तीन मिनिटे जोरजोरात श्वासोच्छ्वास करायला सांगतात. त्यात बहुतेकदा झटका येतो आणि ईईजीत तो ताल उमटतो. योग्य औषध मिळाल्यास बहुसंख्य मुलांचे झटके आटोक्यात येतात आणि अनेकांचा विकार वाढत्या वयाबरोबर नाहीसाही होतो. तोवर गरज असते ती घरात आणि वर्गात कोणाच्या तरी हे लक्षात येण्याची. वहीत वारंवार शब्द सुटत असतील, तर शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलीच्या डोळ्यांकडे एकदा नीट पाहायला हवे. ती बेफिकीर नसेल. त्या दहा सेकंदांपुरती ती तिथे नसेलच.