ओला कचरा, नर्मदेचं पाणी अन् विजेचं बिल : हवामान बदलाचा हिशेब इंदूरच्या घरातून

इंदूर : मालव्याच्या रात्री एके काळी प्रसिद्ध होत्या. 'शब-ए-मालवा' असंच म्हणत. दिवसा कितीही तापलं तरी रात्री गच्चीवर गार वाऱ्यात झोप लागायची. आता रामबागेतल्या जुन्या घरांपासून नव्या कॉलन्यांपर्यंत एसी बसू लागले आहेत. उकाडा वाढला म्हणून एसी, एसीला वीज, आणि देशातली बहुतांश वीज कोळशाची. म्हणजे उकाड्यावरचा उपायच उकाडा वाढवतो.

नेमकं काय होतंय?

कोळसा, पेट्रोल, गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातला बराच भाग शेकडो वर्षं हवेत राहून पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज ४२० च्या वर आहे. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, जुन्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने गरम. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पाऊस ओढ देतो, आणि आला की झोडपून काढतो.

कचऱ्यात इंदूर पुढे

२०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सतत अव्वल राहिलेल्या इंदूरचं बळ घरातल्या डब्यांत आहे. ओला कचरा ढिगात कुजला की मिथेन तयार होतो. पहिल्या वीस वर्षांत तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट उष्णता अडवतो. इथे तोच ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन असून त्यातून गाड्यांसाठी बायो-सीएनजी आणि खत मिळतं. पण घरातच ओलं-सुकं वेगळं झालं नाही, तर हे यंत्र काय कामाचं?

नळातून वीजही वाहते

इंदूरचं पाणी येतं सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा चढ चढून. हजार लिटर पाणी सुमारे ४०० मीटर उचलायला नुसत्या गणितानेच एक युनिटहून जास्त वीज लागते. पंपाची आणि पाइपची तूट वेगळीच. म्हणून टाकी भरून वाहिली की पाण्याबरोबर वीजही गटारात गेली. हा खर्च कमी करायला महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीन बॉण्ड काढून जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटी रुपये उभे केले.

घरात काय करता येईल?

आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहिलेले चेतनसिंह सोलंकी यांचं सूत्र सोपं आहे : आधी टाळा, मग कमी करा, उरलेली गरज स्वतः निर्माण करा. क्रम महत्त्वाचा.

टाळा : रिकाम्या खोलीतला पंखा, रात्रभर चालू राहणारा सेट-टॉप बॉक्स, उगाच तापवलेला गीझर.

कमी करा : जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण २० युनिट वाचतात. एक युनिट म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे महिन्याला १४ किलो. एसी एक अंश वर ठेवला की अंदाजे ६ टक्के वीज वाचते. २४-२६ वर ठेवून सोबत पंखा लावा.

निर्माण करा : फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या छतावरील सौर संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो.

एका घराने जग गार होणार नाही, हे खरंच. कोळशाची वीज आणि शहराची वाहतूक हे सरकारनेच सोडवायचे प्रश्न आहेत. पण ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा ठेवायचा निर्णयही एकेका ओट्याजवळच झाला होता. बुऱ्हाणपूर असो, जळगाव असो की बेळगाव, मीटर सगळीकडे सारखाच फिरतो. या महिन्याचं बिल आलं की आधी रुपये नको, युनिट बघा. अन् पुढच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहा.