पंप गेला नाही, दादा! उभ्या ट्रॅक्टरच्या डिझेलच्या वाटेवरच्या अजब गोष्टी

पावसाळाभर शेडमध्ये उभा असलेला जुना ट्रॅक्टर. रब्बीच्या तोंडावर सेल्फ मारला, इंजिन फिरतंय, पण धरत नाही. लगेच कुणीतरी निकाल देतं, "पंप गेला!" थांबा. बहुतेक वेळा खरे गुन्हेगार तिघेच असतात: पाणी, हवा आणि घाण. टाकीकडून नोझलकडे क्रमानं शोधत गेलं की ते सापडतात. या वाटेवर नवल वाटावं असं बरंच काही आहे.

टाकीतच पाणी तयार होतं
टाकी अर्धी रिकामी असेल, तर वरच्या जागेत दमट हवा राहते. रात्री पत्रा गार झाला की त्या हवेतल्या बाष्पाचे थेंब होतात. १ लिटर डिझेलचं वजन साधारण ८३० ग्रॅम, पाण्याचं १ किलो. म्हणून पाणी तळाशी बसतं आणि सेल्फ मारताच तेच आधी पुढे निघतं. तळाचं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. दोन थर दिसले की चोर सापडला.

डिझेल खाऊन जगणारी बुरशी
हॉर्मोकोनिस रेझिनी ही बुरशी इंधनावर पोसते. ती विमानांच्या टाक्यांतही सापडते. ती राहते पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर. फिल्टरवर काळपट, बुळबुळीत चिखल दिसला तर हिची शंका घ्या. नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी धुवावी लागते. पाणी काढून टाकलं की तिचा आसराच जातो.

कुंभारीण माशी ट्रॅक्टर बंद पाडते
टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असतं. त्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं किंवा धूळ बसली, तर डिझेल जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि चालू झालेला ट्रॅक्टर काही मिनिटांत बंद पडतो. झाकण सैल केल्यावर "फुस्स" आवाज आला आणि ट्रॅक्टर नीट चालू लागला, तर काम फक्त भोक साफ करण्याचं!

जस्ताच्या कॅनमध्ये साबण
जुन्या डिझेलमध्ये आम्लं तयार होतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या डब्यात ती जस्ताशी मिळून धातूचा साबण बनवतात आणि तो फिल्टर तुंबवतो. म्हणून डिझेल साठवायला गॅल्वनाइज्ड डबा नकोच.

हवेचा बुडबुडा इंजिन अडवतो
डिझेल दाबलं जात नाही म्हटलं तरी चालेल, हवा मात्र दाबली जाते. पाइपात बुडबुडा असला की पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यातच संपतो. म्हणून एअर काढायची ती क्रमानं. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हँड प्रायमर मारा, फेस जाऊन अखंड धार आली की आवळा. मग पंपावरचा स्क्रू. शेवटी गिअर न्यूट्रलला ठेवून नोझलकडचे नट सैल करा आणि सेल्फ मारा. डिझेल आलं की नट आवळा. सेल्फ सलग १० सेकंदांपेक्षा जास्त नको.

केसाहून कितीतरी बारीक फट
पंपातला प्लंजर आणि बॅरल यांच्यात जेमतेम काही मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. पंप शेताच्या बांधावर उघडायचा नाही, तो याचसाठी. धुळीचा एक कणही तिथे ओरखडा पाडतो.

टायरच्या २०० पट दाब
मागच्या टायरात साधारण १ बार हवा असते. जुन्या ट्रॅक्टरचं नोझल उघडायलाच २०० बारच्या आसपास दाब लागतो. इतक्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. गळती हातानं कधीच तपासू नका, पुठ्ठा धरा. धार लागलीच, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठा.

स्टॉपची दांडी आधी हलवून बघा
स्टॉप ओढून ठेवलेला ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहिला, की पंपातला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, बंद अवस्थेतच चिकटू शकतो. मग टाकी भरलेली असूनही नोझलला थेंब पोचत नाही. ठेवताना इंजिन थांबलं की स्टॉप परत आत ढकला. सुरू करण्याआधी दांडी मोकळी हलते ना, हेही बघा. रॅक उघड्या अवस्थेत अडकला, तर इंजिन आवरेनासं होतं.

धूर निदान सांगतो
सेल्फ मारताना धूरच नाही? डिझेल पोचत नाही. पांढरा धूर? डिझेल पोचतंय, पण जळत नाही. चालू इंजिनाचा काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

शेंगदाणा तेलावर चाललेलं इंजिन
१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवलं होतं. रुडॉल्फ डिझेल यांनीच पुढे सांगितलं, की हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. आपल्या ट्रॅक्टरवर मात्र हा प्रयोग नको, घट्ट तेलानं नोझल तुंबतात.

पुढच्या वेळी ट्रॅक्टर उभा करताना टाकी काठोकाठ भरा. काढताना तळाचं पाणी, झाकणाचं भोक, फिल्टर आणि एअर एवढं आधी बघा. पंपाला पाना लावायचा तो सगळ्यात शेवटी, आणि तोही जाणत्या मिस्त्रीच्या हातून.