आईला दिवसभर सांभाळायचे कोणी?

पूर्वी घरात दहा माणसे असत. म्हातारी ओसरीवर बसली, की येता-जाता कोणी तरी तिला पाणी देई. आता मुलगा कामावर जातो. सून रोजगाराला जाते. नातवंडे शाळेत जातात. म्हातारी एकटी उरते. ती न्हाणीत घसरून पडली, तर संध्याकाळपर्यंत कोणाला कळत नाही. सुनेने घरी बसावे म्हटले, तर तिची मजुरी बुडते.

म्हणून शहरांत एक सोय निघाली आहे. सकाळी म्हाताऱ्या माणसाला तेथे नेऊन सोडायचे. तेथे त्याला जेवण मिळते, बोलायला सोबत मिळते, औषधाची आठवण दिली जाते. संध्याकाळी त्याला घरी आणायचे. शहरातले लोक याला डे केअर म्हणतात. आपण दिवसघर म्हणू. केरळात तर ग्रामपंचायतीही अशी घरे चालवतात. तिकडे त्याला ‘पकल वीडू’ म्हणतात. पकल म्हणजे दिवस आणि वीडू म्हणजे घर. दिवसघर हा वृद्धाश्रम नव्हे. येथून माणूस रोज रात्री आपल्या अंथरुणावर परत येतो.

आपल्या खेड्यांत अशी घरे क्वचितच दिसतात. पण आपली मुले पुण्या-मुंबईला नोकरी करतात आणि आईबापांना तिकडे नेतात. तेव्हा हा प्रश्न आपल्याही घरात येतो.

सोय चांगली आहे, पण ती वापरणे सोपे नाही. पहिली अडचण मनाची. काही लोक थट्टेने म्हणतात, “हे तर म्हाताऱ्यांचे पाळणाघर!” हा शब्द आम्हांला मुळीच आवडत नाही. जिने चार मुले वाढवली, तिला पाळणाघरात घालतो म्हटले तर तिला काय वाटेल? ती म्हणते, “मी जड झाले का रे तुम्हांला? मला बाहेर काढता?” मुलगा गप्प बसतो. मग कोणी तरी युक्ती सांगतो, “देवळात जाऊ म्हणा आणि तिथं सोडून या.” असे मुळीच करू नये. आई एकदा फसेल. दुसऱ्या दिवशी ती रिक्षात पायच ठेवणार नाही, आणि मुलाच्या शब्दावर तिचा विश्वासही राहणार नाही.

त्यापेक्षा खरे सांगावे. “आई, तू घरी एकटी असलीस की माझं कामात लक्ष लागत नाही,” असे म्हणावे. आधी तिला नुसते बघायला न्यावे. पहिले काही दिवस अर्धाच दिवस ठेवावे, आपण जवळ बसावे. तिची चंची, तिची शाल, तिचा चष्मा बरोबर द्यावा. तरीही ती नको म्हणाली, तर का नको ते नीट विचारावे. कधी कारण अगदी लहान असते. तेथे मोरी लांब असते, किंवा जेवणात भाकरी नसते.

शेजारीपाजारी बोलतात, “आईला टाकली.” त्यांना म्हणावे, “काकू, उद्या दुपारी तुम्ही आईपाशी बसाल का?” मग बोलणे आपोआप थांबते.

दुसरी अडचण वेळेची. दिवसघर सकाळी दहाला उघडत असेल आणि सून आठला बाहेर पडत असेल, तर मधले दोन तास कोण बघणार? पावसाळ्यात रिक्षा वेळेवर येत नाही. फी वेगळी आणि रिक्षाचे भाडे वेगळे. हा हिशेब आधीच मांडावा, आणि भावाबहिणींनी मिळून मांडावा. एकाने सांभाळायचे आणि बाकीच्यांनी सल्ला द्यायचा, हे बरे नाही. २००७ साली झालेल्या कायद्याप्रमाणे आईबापांच्या पोषणाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवरही आहे.

तिसरी अडचण आजाराची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुष्कळ दिवसघरे घेत नाहीत. काही म्हातारी माणसे घरच्यांची नावे विसरतात, रस्ता विसरतात. याला लोक ‘म्हातारचळ’ म्हणून हसतात. पण हा मेंदूचा आजार आहे. अशा माणसाला नवी जागा पाहून जास्त गोंधळायला होते. संध्याकाळी घरी येऊनही ते “मला घरी जायचंय” म्हणते. त्याच्याशी वाद घालू नये. त्याच्या खिशात नाव, पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. औषधांची चिठ्ठी दिवसघरातल्या बाईंच्या हाती द्यावी. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. ही चिठ्ठी स्वतःच लिहा, मोठ्या अक्षरांत.

जागा ठरवण्यापूर्वी तेथली मोरी पाहावी. फरशी ओली आहे का? उठताना धरायला दांडा आहे का? किती माणसांमागे किती बायका कामाला आहेत? कोणाला अचानक बरे वाटेनासे झाले, तर दवाखान्यात कोण नेते? आधी न कळवता एकदा दुपारी जाऊन यावे. आई घरी आल्यावर तिचे लुगडे ओले असेल, ओठ सुकलेले असतील, अंगावर काळेनिळे डाग असतील, किंवा ती रोज पेंगत येत असेल, तर लगेच विचारणा करावी.

जवळपास असे घर आहे का, हे कळण्यासाठी १४५६७ या नंबरावर फोन करता येतो. हा नंबर म्हाताऱ्या माणसांच्या मदतीसाठीच आहे. त्याला पैसे पडत नाहीत.