जुन्या जीपमधील फोर-व्हील ड्राइव्ह : दोषनिदान आणि निगा

प्रस्तावना
दुसऱ्या महायुद्धात नावारूपास आलेल्या विलीज जीपची जुळणी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत सुरू झाली. पुढे महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने याच आराखड्यावर आधारलेल्या जीप दीर्घकाळ तयार केल्या. त्यांतील काही जुन्या गाड्या आजही वापरात आहेत. त्या बिघडल्या की दोष सहसा वयाला दिला जातो. वस्तुतः अनेक बिघाडांचे मूळ फोर-व्हील ड्राइव्हच्या अयोग्य वापरात असते. प्रस्तुत लेखात या कारणांचा व उपायांचा विचार केला आहे.

यंत्ररचना
गिअरबॉक्समधून आलेली शक्ती ट्रान्सफर केसद्वारे पुढील व मागील चाकांकडे जाते. एकाच आसावरील दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचे काम डिफरन्शियल करते. पुढील व मागील आसांदरम्यान मात्र या जीपमध्ये तशी सोय नसते. फोर-व्हील ड्राइव्ह लावताच दोन्ही प्रोपेलर शाफ्ट परस्परांशी जखडले जातात. वळणावर पुढील चाकांना अधिक अंतर कापावे लागते. चिखलात टायर घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो निघत नाही. परिणामी शाफ्ट, क्रॉस व दातेरी चाके यांवर पीळ साचतो, स्टिअरिंग जड होते आणि घाटातील वळणावर ते धोक्याचे ठरते.

असमान टायरमुळेही हेच घडते. ७० सें.मी. व्यासाचे चाक एक किलोमीटरमध्ये सुमारे ४५५ फेरे घेते, तर ६९ सें.मी. व्यासाचे सुमारे ४६१. पुढे झिजलेले व मागे नवे टायर असल्यास सरळ रस्त्यावरही हा ताण साचत जातो.

दोषनिदान
फोर-व्हीलचा दांडा अडकला, तर ट्रान्सफर केस उघडण्याची घाई करू नये. गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घेतल्यास पीळ सुटून दांडा बहुधा मोकळा होतो. आवाज गिअर बदलताच बदलत असेल, तर गिअरबॉक्स तपासावा. तो केवळ गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर क्रॉस, चाकांचे बेअरिंग व मागील डिफरन्शियल पाहावे. फक्त फोर-व्हील लावल्यावर येणारा आवाज पुढील शाफ्ट वा पुढील डिफरन्शियलकडे बोट दाखवतो. पुढची चाके थरथरत असल्यास टायरमधील हवा, किंग पिन व स्टिअरिंगचे सांधे या क्रमाने तपासणी करावी.

निगा
गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस व दोन्ही डिफरन्शियलमधील तेलाची पातळी नियमितपणे पाहावी. ओढा ओलांडल्यानंतर तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजून ते त्वरित बदलावे आणि ऑइल सील व हवा जाण्याचे छिद्र तपासावे. क्रॉस व सांध्यांना वेळोवेळी ग्रीस द्यावे. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत. दीर्घकाळ न वापरलेली यंत्रणा जाम होऊ नये, म्हणून महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडे अंतर फोर-व्हील लावून गाडी चालवावी.

निष्कर्ष
फोर-व्हील ड्राइव्ह ही निसरड्या जमिनीसाठी केलेली योजना आहे. पक्क्या रस्त्यावरील नित्य वापरासाठी नव्हे. हे तत्त्व ध्यानी घेऊन क्रमाने निदान केल्यास सुटे भाग विनाकारण बदलण्याचा खर्च टळतो आणि जुनी जीप सुरक्षितपणे दीर्घकाळ सेवा देऊ शकते.