तडा दिसला नाही, म्हणजे तडा नाही?

धाराशिवजवळ छोटी धावपट्टी आहे. तिकडे बारामतीत तर वैमानिक प्रशिक्षणाची छोटी विमाने नेहमीच चढ-उतार करताना दिसतात. अशा प्रत्येक फेरीत पंखांच्या मुळाशी ताण येतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा धातू थकतो आणि त्याला बारीक तडा जातो. सतत धावणाऱ्यांच्या नडगीच्या हाडाचेही असेच होते.

४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेतील डेटोना बीच येथे एका पायपर प्रशिक्षण विमानाचा डावा पंख हवेतच तुटला. प्रशिक्षणार्थी वैमानिक आणि परीक्षक, दोघेही दगावले. विमान साडेसात हजार तासांहून अधिक उडाले होते आणि त्याच्या नियमित तपासण्याही झाल्या होत्या. तडा मात्र पंखाच्या मुख्य तुळईत, बोल्टच्या छिद्रापाशी दडला होता. नुसत्या डोळ्यांनी तो दिसणे शक्यच नव्हते.

डॉक्टरांना हा अनुभव नवा नाही. हाडाची केसाएवढी चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. धातूतही तडा किरणांच्या दिशेला आडवा असला, तर एक्स-रे फसतो. चुंबकीय तपासणी लोखंडाला चालते, ॲल्युमिनियमला नाही. म्हणून २०२१ मध्ये अमेरिकी नियामकांनी पायपरच्या ठरावीक विमानांसाठी ‘एडी करंट’ तपासणी सक्तीची केली. बोल्ट काढून छिद्रात विद्युत कॉइल असलेली सळई फिरवतात. धातूत भोवऱ्यासारखा प्रवाह निर्माण होतो. तडा असेल तिथे तो अडखळतो आणि यंत्रावर संकेत उमटतो.

पण यंत्र आणले म्हणजे काम झाले, असे नाही. मुद्दाम खाच पाडलेल्या नमुन्यावर ते आधी पारखावे लागते. तपासनीसही प्रशिक्षित हवा. पद्धत किती बारीक तडा किती खात्रीने पकडते, हे सिद्ध व्हावे लागते. रक्तचाचणीची अचूकता आपण अशीच जोखतो. शिवाय बोल्ट काढताना छिद्राला ओरखडा पडला, तर तिथूनच नवा तडा सुरू होऊ शकतो. म्हणूनच सरसकट सर्व विमाने न तपासता, जास्त वापरलेली विमाने हिशेब करून निवडली जातात.

रुग्ण असो वा विमान, अहवालात ‘दोष आढळला नाही’ असे लिहिलेले असेल, तर एक प्रश्न जरूर विचारावा: तपासले कशाने, आणि त्या पद्धतीने तो दोष सापडला असता का?