युद्धपट निवडावा दोघांच्या पसंतीने

शनिवारची रात्र. जेवणे आटोपली आहेत, मुले झोपली आहेत. आठवडाभराच्या धावपळीनंतर पती-पत्नीला दोन-तीन तास निवांत मिळतात आणि नेमका त्याच वेळी वाद सुरू होतो. पतीला रणगाडे, विमाने आणि सीमेवरच्या चकमकी असलेला चित्रपट हवा असतो. पत्नी म्हणते, ‘‘दिवसभर कटकट झालीच आहे, आता रात्री रक्त आणि किंकाळ्या नकोत.’’ मग कुणीतरी एक मन मारून बसतो, नाहीतर एक जण टीव्हीसमोर आणि दुसरा मोबाइल घेऊन आतल्या खोलीत, अशी ती रात्र सरते.

काही घरांत चित्र उलटेही असते. पत्नी युद्धपट आवडीने पाहते आणि पतीलाच ते सोसवत नाहीत. पण पुरुषाने तसे बोलून दाखवणे कमीपणाचे वाटते, म्हणून तो गप्प बसून राहतो.

युद्धपट पुरुषांचे आणि कौटुंबिक चित्रपट बायकांचे, ही वाटणीच मुळात चुकीची आहे. लढाई फक्त आघाडीवर होत नाही. ती मागे राहिलेल्या घरातही होत असते. ज्या चित्रपटाला हे दुसरे घर दिसते, तो दोघांचाही होतो. म्हणून निवड करताना बाँबस्फोट किती आहेत हे मोजत बसू नये. एवढेच पाहावे, की या चित्रपटात कुणी कुणाची वाट पाहत आहे का?

वाट पाहणाऱ्यांचे चित्रपट

चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) या कसोटीला पुरेपूर उतरतो. १९६२च्या चीन युद्धातील लडाखच्या आघाडीवरची ही कथा. बलराज साहनी, धर्मेंद्र यांच्या भूमिका आणि मदनमोहन यांचे संगीत सर्वांना ठाऊक आहे. पण पती-पत्नींनी लक्ष द्यावे ते त्यातल्या एका गाण्याकडे. महंमद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर या चौघांनी गायलेल्या या गाण्यात बर्फात अडकलेले जवान दूर राहिलेल्या प्रियेच्या मनात काय चालले असेल याचा विचार करतात. शत्रूवर तुटून पडणारे पुरुष तिच्या डोळ्यांतल्या पाण्याचा विचार करतात, हे पाहून कुठल्या पत्नीला हा चित्रपट परका वाटेल?

मराठी घरांना जवळचा वाटावा असा चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६). सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर त्यांनी उपचार केले, तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला आणि डिसेंबर १९४२मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचा मुलगा काही महिन्यांचाच होता. या कथेचा नायक बंदूक चालवत नाही, जखमा शिवतो. पडद्यावरचे पती-पत्नी शांताराम आणि जयश्री हे त्या काळी प्रत्यक्षातही पती-पत्नी होते.

अलीकडच्या चित्रपटांत ‘अमरन’ (२०२४) हा तमिळ चित्रपट आवर्जून पाहण्याजोगा आहे. मेजर मुकुंद वरदराजन २०१४मध्ये काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. त्यांची कथा चित्रपटात पत्नीच्या नजरेतून उलगडते. शिवकार्तिकेयनच्या शौर्याइतकीच साई पल्लवीने साकारलेल्या पत्नीची घालमेलही मनात राहते.

ज्यांना रणांगण नकोच

ज्यांना गोळीबाराचा आवाजही नको वाटतो, त्यांच्यासाठीही या प्रकारात बरेच काही आहे. मेघना गुलजार यांच्या ‘राझी’त (२०१८) १९७१च्या युद्धाची पार्श्वभूमी आहे, पण बहुतेक कथा घडते ती एका पाकिस्तानी लष्करी कुटुंबाच्या घरात. सून म्हणून आलेली भारतीय हेर आणि तिच्यावर मनापासून विश्वास टाकणारा पती यांच्यात जे घडते, त्याने रणगाड्यांपेक्षा जास्त धडधड होते.

जुन्या चित्रपटांपैकी ‘हम दोनो’ (१९६१) घ्यावा. देव आनंदची दुहेरी भूमिका असलेल्या या चित्रपटात एका मेजरच्या मृत्यूची बातमी सांगायला त्याच्यासारखाच दिसणारा कॅप्टन त्याच्या घरी जातो. हृदयरोगाने आजारी असलेली मेजरची पत्नी त्यालाच आपला पती समजते. आता खरे सांगावे तर तिच्या जिवाला धोका, न सांगावे तर स्वतःच्या प्रेयसीच्या मनात संशय! कॅप्टनने काय करायला हवे होते, यावर पती-पत्नीचे एकमत होणे कठीणच, आणि गंमतही त्यातच आहे.

परदेशी चित्रपटांत ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ (१९५९) हा छोटेखानी रशियन चित्रपट दीड तासाच्या आतच संपतो. दोन रणगाडे निकामी करणारा कोवळा जवान पदकाऐवजी आईला भेटण्यासाठी आणि घराचे गळके छप्पर नीट करण्यासाठी रजा मागतो. तो युद्धातून परतणार नाही हे सुरुवातीलाच सांगितले जाते. त्यामुळे ‘आता काय होणार’ या धास्तीऐवजी प्रेक्षक त्याच्या रजेचा एकेक क्षण जपून पाहतो.

आधी दोन प्रश्न

चित्रपट सुरू करण्यापूर्वी एकमेकांना दोन साधे प्रश्न विचारावेत. पहिला : कोणती गोष्ट पाहवत नाही? कुणाला जखमा पाहवत नाहीत, कुणाला लहान मुलांचे हाल, तर कुणाला छळाची दृश्ये. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) उत्तम असला, तरी सुरुवातीलाच नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचा रक्तपात वीस मिनिटांहून अधिक काळ चालतो. जोडीदाराला त्याची कल्पना न देता हा चित्रपट लावणे म्हणजे विश्वासाला तडाच. सेन्सॉरचे प्रमाणपत्रही पाहावे. २०२४च्या नियमांनुसार ‘यूए’ गटाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे केले आहेत, त्यावरून हिंसेचा अंदाज येतो.

दुसरा प्रश्न : आज मनाची तयारी कितपत आहे? घरात आजारपण असेल, नुकतेच कुणी गेले असेल, तर चांगल्यात चांगला युद्धपटही त्या रात्री बाजूला ठेवावा. लांबीचाही विचार करावा. ‘एलओसी कारगिल’ (२००३) चार तासांहून मोठा आहे; तो दोन दिवसांत विभागून पाहण्यात काहीच बिघडत नाही.

घरातलेच कुणी सैन्यात असेल तर

ज्या घरातला माणूस सैन्यात आहे किंवा होता, तिथे निवडीचा हक्क आधी त्याचा आणि त्याच्या पत्नीचा. पाहुणे जमले म्हणून ‘तुमच्याच लोकांचा पिक्चर लावू या’ असे परस्पर ठरवू नये. जे इतरांसाठी करमणूक असते, ते त्याच्यासाठी गमावलेल्या मित्रांची आठवण असू शकते. पती सीमेवर असताना पत्नीने शहीद जवानाची कथा रात्री एकटीने पाहत बसण्यापेक्षा तो सुट्टीवर येईपर्यंत थांबलेले बरे.

अशा जोडप्यांनी ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’ (१९४६) जरूर पाहावा. दुसऱ्या महायुद्धातून घरी परतलेल्या तिघांची ही कथा. त्यातल्या एकाचे दोन्ही हात गेले आहेत. लग्न ठरलेल्या मुलीला तो एका रात्री कृत्रिम हात काढून दाखवतो, की यांच्याशिवाय आपण किती असहाय आहोत. ती ज्या सहजतेने त्याच्या शर्टाची बटणे लावून देते, ते पाहून भल्याभल्यांचे डोळे पाणावतात. ही भूमिका करणाऱ्या हॅरॉल्ड रसेल यांनी सैन्यात असतानाच अपघातात खरोखर हात गमावले होते. या एकाच भूमिकेसाठी त्यांना दोन ऑस्कर मिळाले.

चित्रपट संपल्यावर

चित्रपट संपताच दिवा मालवून झोपी जाऊ नये. दहा मिनिटे बोलावे. जमल्यास खरी घटना काय होती तेही शोधावे. जे. पी. दत्ता यांच्या ‘बॉर्डर’मध्ये (१९९७) सुनील शेट्टीने साकारलेला भैरोसिंग धारातीर्थी पडतो आणि प्रेक्षक हळहळतात. लोंगेवालात प्रत्यक्ष लढलेले भैरोसिंग राठोड मात्र २०२२पर्यंत हयात होते. ज्याच्यासाठी डोळे पुसले तो घरी परतला होता, हे कळल्यावर जो दिलासा मिळतो, तोही दोघांनी मिळूनच घ्यावा.

आणि पती रडला तर त्याची थट्टा करू नये. एरवी ‘मला काही झाले तर तू काय करशील?’ हा प्रश्न ऐकताच ‘असे अभद्र बोलू नका’ म्हणून पत्नी विषय बदलते आणि पतीही तो पुन्हा काढत नाही. वर्षानुवर्षे संसार करूनही अनेक जोडपी यावर कधीच बोललेली नसतात. पडद्यावरच्या अनोळखी जवानाच्या निमित्ताने हा विषय सहज निघतो. एकमेकांना गमावण्याची भीती दोघांनाही सारखीच आहे, एवढे जरी त्या रात्री कळले, तरी चित्रपटाची निवड चुकली नाही असे समजावे.