काळ्या लोकरीचे वाडे

मेदिची म्हटलं की फ्लॉरेन्स आठवतं, चित्रकार आणि शिल्पकार आठवतात. पण मेंढीची लोकर कोणाला आठवत नाही. त्याच घराण्यातल्या ग्रँड ड्यूक फ्रान्चेस्कोने १५७९ साली कोस्तान्झा पिक्कोलोमिनी हिच्याकडून मध्य इटलीतली एक जहागीर विकत घेतली. तिच्यात सान्तो स्तेफानो दी सेस्सानियो नावाचं एक गाव होतं. अब्रुत्सो प्रांतात, ग्रान सास्सोच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून साधारण १२५० मीटरवर ते वसलेलं आहे. गाव होतं स्पेनच्या ताब्यातल्या नेपल्सच्या राज्यात, म्हणजे मेदिचींच्या दृष्टीने परमुलखात. दगडधोंड्यांच्या त्या मुलखात पीक असं किती येणार? इथली मसूर आजही नावाजलेली आहे, पण दाणा आकाराने बारीक आणि उत्पन्नही बेताचंच. मेदिचींना हवी होती ती कार्फान्या, म्हणजे काळी, जाडीभरडी लोकर. तिचं कापड अंगाला टोचे, पण टिकाऊ असे. सैनिकांचे गणवेश आणि साधूंचे झगे त्याचेच शिवले जात.

या लोकरीमागे एक अवाढव्य यंत्रणा होती. थंडी सुरू झाली की कळप डोंगर सोडून पुलियातल्या फोज्जाच्या मैदानाकडे निघत. आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला फलटणकडचे धनगर घाट उतरून कोकणात जातात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे वाट सरकारने आखलेली होती. आरागॉनच्या आल्फोन्सोने १४४७ मध्ये मेंढ्यांसाठी स्वतंत्र जकात खातं काढलं. कळपांनी हिवाळ्यात मैदानातल्या सरकारी कुरणात चरायचं आणि त्याचा कर भरायचा. गावाजवळच्या लाक्विला शहराहून फोज्जाला जाणारा मेंढ्यांचा राजमार्ग सुमारे २४४ किलोमीटर लांब आणि तब्बल १११ मीटर रुंद होता. आपल्या कित्येक महामार्गांना लाजवील अशी ही रुंदी! पुरुष मे-जूनमध्ये परतत. मधले सहा-आठ महिने गाव चालवायच्या त्या बायका, म्हातारे आणि पोरं.

हे ध्यानात ठेवलं की गावातली घरं वाचता येतात. सगळ्यांत आधी लक्षात येतं की गावाला वेगळा तट नाही. बाहेरच्या रांगेतली घरंच एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांच्या पाठभिंतींचा तट झाला आहे. म्हणून बाहेरच्या अंगाला खिडक्या थोड्या आणि लहान. आत शिरायच्या वेशीवर मेदिचींचं गोळ्यांचं राजचिन्ह कोरलेलं आहे. आतल्या गल्ल्यांवर कमानी आहेत. काहींच्या डोक्यावर चक्क खोल्या बांधल्या आहेत, त्यामुळे दिवसाउजेडीही तिथे अंधार असतो. काही कमानी नुसत्याच, समोरासमोरच्या दोन भिंतींना एकमेकींचा आधार देणाऱ्या. भूकंपाचा प्रदेश हा. १७०३ च्या भूकंपाने लाक्विला उद्ध्वस्त केलं होतं. बर्फात चालायला आणि वारा अडवायलाही या गल्ल्या सोयीच्याच.

श्रीमंत आणि गरीब घरांतला फरक इथे आकारापेक्षा कोरीवकामात दिसतो. दगड एकच, पांढुरका चुनखडीचा. ज्याच्या हाती लोकरीचा पैसा आला त्याने खिडकीला मधोमध नाजूक खांब देऊन जोडकमान केली, सज्जाखाली नक्षीदार दगडी घोडे बसवले, दर्शनी भागाला कमानींची ओसरी काढली. ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याच्या घराला खाली गोठा, बाहेरून दगडी जिना आणि वर एकच खोली. त्या खोलीतच चूल आणि धुराने काळ्याकुट्ट झालेल्या भिंती. गंमत अशी की दोन्ही घरं एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लावून आहेत. तटाच्या आत जागा मोजकी, तेव्हा सावकारालाही शेजार निवडता आला नसावा.

मेदिचींचा वंश संपला आणि १७४३ मध्ये जहागीर नेपल्सच्या बूर्बों राजाकडे गेली. खरा घाव बसला तो पुढच्या शतकात. १८०६ मध्ये जकात खातं बंद झालं. इटली एक झाल्यावर मैदानातली कुरणं नांगराखाली आली. परदेशी लोकर स्वस्त पडू लागली. मग लोक उठले आणि अमेरिकेला, उत्तरेच्या कारखान्यांना, जिथे काम मिळेल तिथे गेले. घरं कुलूपबंद राहिली. कोणाकडे पैसाच नव्हता, त्यामुळे ती पाडून कोणी नवी बांधली नाहीत, अल्युमिनियमच्या खिडक्या बसल्या नाहीत, बाहेर बंगले उठले नाहीत. गावाचं सौंदर्य टिकलं ते दारिद्र्यामुळे. हे बोलायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

१९९९ मध्ये दानिएले किल्ग्रेन नावाचा तरुण मोटरसायकलवरून भटकत इथे पोचला. वडील स्वीडिश, आई इटालियन. आईच्या घराण्याचा पैसा सिमेंटमधला. त्याने ओस घरं एकामागून एक विकत घेतली, आणि सिमेंटच्या पैशांतून सिमेंट न वापरता ती उभी केली. गावात नवं बांधकाम होऊ नये यासाठी त्याने स्थानिक प्रशासनाशी बोलणी केली. पेस्काऱ्यातल्या लोकजीवन संग्रहालयाच्या मदतीने जुन्या घरांत काय असायचं याचा अभ्यास झाला, आणि मग 'सेक्स्तान्तियो' हे विखुरलेलं हॉटेल सुरू झालं. स्वागतकक्ष एका घरात, खोल्या गावभर. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या भिंती त्याने मुद्दाम तशाच ठेवल्या. गाद्या लोकरीच्या, चादरी हातमागाच्या, किल्ल्या लांबलचक लोखंडी. ऊब येते ती जमिनीखाली दडवलेल्या नळ्यांतून, आणि न्हाणीघरात पांढराशुभ्र आधुनिक टब असतो.

मला या काळ्या भिंतींबद्दल थोडी कुरकूर आहे. ज्या धुराने पिढ्यान्‌पिढ्यांची फुप्फुसं खराब केली, तोच आता शौकिनांच्या खोलीचं भाडं वाढवतो. पण दुसरा मार्ग होता तो भिंती चुन्याने गुळगुळीत करून 'जुनं वाटणारं' नवं उभं करण्याचा. त्यापेक्षा काजळी प्रामाणिक.

सिमेंटचा दुसरा अध्याय मात्र दुःखद आहे. गावाच्या मध्यावर चौदाव्या शतकातला गोल टेहळणी बुरूज होता. ६ एप्रिल २००९ च्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला लाक्विलाचा भूकंप झाला. ३०९ माणसं गेली. तो बुरूजही कोसळला. विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत त्याच्या माथ्यावर प्रबलित काँक्रीटचा जड थर घातला होता. दगडी नळकांड्यावर ते ओझं हादऱ्यात हेलकावलं आणि खालच्या भिंती फुटल्या, असं तज्ज्ञांनी दाखवून दिलं. सहाशे-सातशे वर्षं उभी राहिलेली वास्तू तिच्या मजबुतीकरणाने पडली! पुढे वर्षानुवर्षं तिथे नळ्यांच्या परांचीचा पोकळ सांगाडा उभा होता. आता बुरूज पुन्हा बांधला आहे.

घरं अशी सावरली, पण माणसांचं काय? २०२० मध्ये गावात जेमतेम ११५ रहिवासी उरले होते आणि त्यांतही विशीच्या आतली मुलं मोजकीच. त्या ऑक्टोबरात ग्रामपालिकेने चाळिशीच्या आतल्यांना आवतण दिलं: इथे येऊन राहा, तीन वर्षं दरसाल ८,००० युरोपर्यंत मदत मिळेल, धंदा काढलात तर एकरकमी २०,००० युरोपर्यंत वेगळे. वाटाड्या, माहिती केंद्र चालवणारा, दुरुस्ती कामगार, औषधविक्रेता, खाद्यपदार्थांचा धंदा करणारा अशी माणसं गावाला हवी होती. अर्ज हजारावर आले. गावाला मात्र सुरुवातीला पाचेक जोडपीच हवी होती. निवड झालेल्यांना घर नाममात्र भाड्याने मिळणार होतं, आणि किमान पाच वर्षं तिथेच राहण्याची अट होती.